पाणपोई, पाणवठा आणि वहिवाट : इंटरनेटविषयक लोकमताच्या भाषेचा विचार

१

इंटरनेटची उपलब्धता, त्यावरील शासकीय नियंत्रण आणि नागरिकांची स्वातंत्र्ये यांविषयी गेल्या दीड दशकात भारतात जी चर्चा झाली, तिचा अभ्यास प्रामुख्याने विधिशास्त्र, अर्थशास्त्र आणि माध्यमविद्या या शाखांनी केला आहे. साहित्याभ्यासकांनी मात्र हे क्षेत्र आपले मानलेले दिसत नाही. धोरण म्हणजे तज्ज्ञांचे काम आणि त्यावरील सामान्य माणसाची मते म्हणजे क्षणिक शेरेबाजी, अशी एक धारणा त्यामागे असावी. प्रस्तुत निबंधाची भूमिका वेगळी आहे. लोक जेव्हा धोरणाविषयी बोलतात, तेव्हा ते दृष्टांत देतात, अर्ज लिहितात आणि म्हणी वापरतात. हे तिन्ही जुने वाङ्मयप्रकार आहेत. त्या प्रत्येकात बोलणारा आणि ऐकणारा, देणारा आणि घेणारा, राज्यकर्ता आणि रयत यांच्यातील एक विशिष्ट नाते अगोदरच मुरलेले असते. इंटरनेटविषयीचे मत या प्रकारांतून व्यक्त होऊ लागले की ते नातेही त्याबरोबर येते, आणि नागरिकाला हक्क आहे की उपकार, हे पुष्कळदा युक्तिवादाआधी रूपकच ठरवून टाकते.

रूपके आपल्या व्यवहाराला आकार देतात, हे लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० साली मांडले, आणि लोकावकाशाची संकल्पना हाबरमास यांच्या १९६२ च्या ग्रंथापासून रूढ झाली. तथापि हाबरमास यांच्यासमोर युरोपातील कॉफीगृहे होती. मराठी समाजात सार्वजनिक जागेची नावे चावडी, पार, पाणवठा आणि चव्हाटा अशी आहेत, आणि यांपैकी प्रत्येक शब्दाची स्मृती निराळी आहे. तौलनिक दृष्टीने पाहता हा निराळेपणाच विचारात घेण्याजोगा ठरतो.

२

प्रथम दृष्टांताचा विचार करू. फेसबुकने ऑगस्ट २०१३ मध्ये जाहीर केलेला ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ हा उपक्रम फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने भारतात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचे ‘फ्री बेसिक्स’ असे नामांतर झाले. ठरावीक संकेतस्थळे ग्राहकाला डेटाचे शुल्क न आकारता पाहता यावीत, उरलेले इंटरनेट मात्र पैसे देऊनच वापरावे, अशी ही योजना होती. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस या योजनेच्या समर्थनार्थ मार्क झुकरबर्ग यांनी एका भारतीय इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात सार्वजनिक ग्रंथालय, सार्वजनिक रुग्णालय आणि सार्वजनिक शिक्षण यांच्याशी योजनेची तुलना केली होती. आणि महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याची लहानशी कथा होती. या शेतकऱ्याने हवामानाची माहिती मिळवली, बाजारभाव पाहिले आणि त्यातून त्याची भरभराट होऊ लागली, असे तिचे तात्पर्य होते.

मराठी गद्याच्या अभ्यासकाला ही रचना परिचयाची वाटेल. महानुभाव संप्रदायातील केशोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगे असतात. सूत्रात तत्त्व सांगितलेले असते, दृष्टांतात लोकव्यवहारातील एखादा प्रसंग येतो आणि दार्ष्टांतिकात त्या प्रसंगाचा तत्त्वाशी असलेला संबंध उलगडला जातो. झुकरबर्ग यांच्या लेखात सूत्र आहे, दृष्टांतही आहे. दार्ष्टांतिक मात्र गळालेले आहे. हवामान आणि बाजारभाव पाहू शकणाऱ्या शेतकऱ्याला भूसंपादनाची अधिसूचना, पीकविम्याच्या अटी अथवा प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याचा भाव यादीबाहेरच्या संकेतस्थळावर पाहावयाचा असेल तर काय, हा प्रश्न दार्ष्टांतिकात उपस्थित झाला असता. कथा भरभराटीपाशी थांबते, आणि तेथेच थांबल्यामुळे ती पटते. शिवाय या कथेतला शेतकरी स्वतः काही बोलत नाही. त्याच्याविषयी बोलले जाते. दृष्टांतातील पात्राचे हे मौन चक्रधरांच्या निरूपणात अडचणीचे ठरत नाही, कारण तेथे विषय मोक्षाचा आहे. धोरणाच्या चर्चेत मात्र ज्याच्यासाठी धोरण आखायचे त्याचेच मौन हा युक्तिवादाचा दोष ठरतो.

ग्रंथालयाची उपमाही तपासून पाहिली पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालयात सर्व ग्रंथ नसतात हे खरे. परंतु तेथील ग्रंथांची निवड करणारी संस्था वाचकांना, सभासदांना किंवा करदात्यांना उत्तरदायी असते, आणि कोणता वाचक कोणते पुस्तक किती वेळ चाळतो याची नोंद विकण्याजोगा माल होत नाही. उपमेत साधर्म्यापेक्षा वैधर्म्य अधिक झाले की प्राचीन अलंकारशास्त्र त्याला उपमादोष म्हणते. येथे तो दोष अलंकारापुरता न राहता थेट धोरणात उतरला होता.

३

या योजनेला देशी भाषेत अचूक नाव द्यायचे झाल्यास ‘पाणपोई’ हा शब्द सुचतो. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला रांजण मांडून वाटसरूला पाणी पाजणे हे पुण्यकर्म आहे आणि त्याची निंदा करण्याचे कारण नाही. पण पाणपोईची काही लक्षणे आहेत. ती कोठे उभारायची, केव्हापर्यंत चालवायची आणि भांडे केवढे ठेवायचे हे दाता ठरवतो. तिच्यावर दात्याचे नाव असते. तहानलेल्याला कृतज्ञ होता येते, तक्रार करता येत नाही. पाणवठा याहून वेगळा असतो. तेथे कोणी कोणाला पाणी देत नाही. प्रत्येक जण ते घेतो. पाणवठ्यावर जाऊ न देणे म्हणजे अन्याय आणि पाणपोई बंद होणे म्हणजे फार तर गैरसोय, हा भेद मराठी भाषकाला शिकवावा लागत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात या भेदाला मोठी किंमत मोजावी लागली आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही त्यानुसार आपले तळे खुले असल्याचे ठरवले. कागदावर हक्क मिळाला, पाण्याला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले, तेव्हा तो ठराव प्रथम आचरणात आला. आणि त्यानंतरही न्यायालयीन लढा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत चालला.

या उदाहरणाचा उपयोग सावधपणेच केला पाहिजे. अस्पृश्यतेने माणसाचे माणूसपण नाकारले. जोडणी नसणे ही त्या कोटीतील गोष्ट नव्हे. दोन्ही एका मापाने मोजणे म्हणजे महाडचा अर्थ पातळ करणे होईल. तरीसुद्धा महाडने सार्वजनिक साधनाविषयी एक विचार मराठी भाषेला दिला आहे. साधन खुले असल्याची घोषणा, ते वापरण्याचा प्रत्यक्ष अनुभव आणि त्या वापराला मिळणारे न्यायालयीन संरक्षण या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पहिली पायरी चढली म्हणजे तिसरी आपोआप येत नाही. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने, मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी मोबाइल वापरण्यास घातलेल्या बंदीच्या संदर्भात, इंटरनेटच्या वापराचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात जोडणी उपलब्ध होती, उपकरणही होते. आडवा आला तो वसतिगृहाचा नियम, आणि नियमाचा आधार होता मुलींच्या हिताची काळजी. पाणपोईच्या दात्याप्रमाणे हितचिंतकही वापराची वेळ आणि माप ठरवू पाहतो, हे येथे स्पष्ट होते.

४

दुसरा प्रकार निवेदनाचा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २०१५ मध्ये एक चर्चापत्र प्रसिद्ध केले, त्यावर दहा लाखांहून अधिक ई-पत्रे आली. डिसेंबर २०१५ मध्ये निरनिराळ्या डेटासेवांना निरनिराळा दर लावण्याविषयीचे दुसरे चर्चापत्र आले, तेव्हाही प्रतिसादांची संख्या लाखांत गेली. धोरणाच्या मसुद्यावर इतक्या नागरिकांनी लिहावे ही घटना अपूर्व होती. परंतु या पत्रांतील फार मोठा भाग साचेबंद होता. खुल्या इंटरनेटच्या पुरस्कर्त्यांनी प्रश्ननिहाय उत्तरांचा नमुना तयार करून दिला होता. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांसमोर योजनेच्या समर्थनाचा तयार मजकूर ठेवला होता. दोन्हींकडे लेखक एक आणि सही करणारे अनेक, अशी स्थिती होती. फरक इतकाच की पहिला नमुना विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत होता. दुसऱ्याविषयी मात्र जानेवारी २०१६ मध्ये खुद्द प्राधिकरणालाच, हे प्रतिसाद मूळ प्रश्नांना भिडत नाहीत, असे कंपनीला कळवावे लागले.

आपल्याकडे कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस हा या साच्याचा पूर्वज होय. ‘मायबाप सरकार’ हा मायना आणि ‘कृपावंत होऊन’ ही विनवणी त्याच्या लेखणीतून अगणित अर्जांत उतरली. तरी अर्जनवीस अर्जदाराची हकिकत आधी ऐकून घेत असे. मायना ठरलेला असला तरी मधला मजकूर त्या माणसाचा असे. बटण दाबून जाणाऱ्या निवेदनात हा मधला मजकूरच उरत नाही. अशा निवेदनांना काहीच मोल नाही असे म्हणणे योग्य होणार नाही. सह्यांच्या मोहिमा लोकशाहीत नेहमीच झाल्या आहेत आणि संख्येचे दडपण हाही मताचा एक आविष्कार आहे. परंतु संख्या मोजता येते, वाचता येत नाही. आणि सल्लामसलतीसाठी मागवलेले मत वाचले जाणे अपेक्षित असते.

या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या निवेदनाकडे पुन्हा पाहावे. तेही शासनाने नेमलेल्या आयोगापुढील एका नागरिकाचे मत होते, आणि तेही इंग्रजीतच होते. फुले प्रथम आपल्या अनुभवाची मर्यादा सांगतात : पुणे आणि आसपासची खेडी. नंतर ते हिशेब मांडतात. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, ही विसंगती ते दाखवतात. त्यानंतर मागणी येते. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, असे ते म्हणतात. पण तेथे थांबत नाहीत. शिक्षक कसा असावा, त्याचे वेतन आणि प्रशिक्षण कसे असावे, मोडी, बाळबोध, हिशेब, शेती आणि आरोग्य यांपैकी काय शिकवावे, हेही ते सांगतात. दानाच्या भाषेचा तेथे मागमूस नाही. कर देणारा आपल्या पैशाचा जाब विचारतो आहे, असा त्या निवेदनाचा सूर आहे. शाळा उघडली की काम झाले, असे फुले मानत नाहीत. शाळेत काय मिळणार हे घेणाऱ्याने सांगायचे आहे. ‘फ्री बेसिक्स’च्या वादात नेमका हाच प्रश्न होता. यादीत पुढे नव्या सेवांना प्रवेश देण्याची तयारी कंपनीने दाखवली होती, हे मान्य केले तरी प्रवेशाच्या अटी तिच्याच हाती होत्या.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार भेदभावी दर आकारण्यास मनाई करणारे विनियम जाहीर केले आणि ही योजना भारतातून मागे घेण्यात आली. निर्णय योग्यच झाला. तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. चर्चापत्र इंग्रजीत, नमुने इंग्रजीत आणि झुकरबर्ग यांचा लेखही इंग्रजीत. ज्या मराठी शेतकऱ्याचा दृष्टांत दिला गेला, त्याला या वादात आपल्या भाषेतून उतरण्याची वाट नव्हती. फुल्यांना १८८२ मध्ये इंग्रजीचा आश्रय घ्यावा लागला. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही सल्लामसलतीची भाषा तीच राहिली. जोडणीच्या विषमतेइतकीच ही विषमताही धोरणाच्या चर्चेत मोजली गेली पाहिजे.

५

तिसरा प्रकार म्हणीचा. पाळत, ओळखपत्रांची सक्ती किंवा संदेशांची तपासणी यांविषयी बोलताना ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण हमखास ऐकू येते. म्हण सुटसुटीत आहे आणि तिला उत्तर देणे सोपे नाही. परंतु तिचा जन्म ज्या समाजात झाला, तेथे पाहणे परस्पर होते. गाव मला पाहत असे आणि मी गावाला पाहत असे. आजच्या पाळतीत पाहणारा अदृश्य असतो आणि पाहिले जात असल्याचे पाहिले जाणाऱ्याला कळत नाही. म्हणीची सामाजिक अट मोडली असूनही म्हण मात्र तशीच चालू आहे. ‘भिंतीलाही कान असतात’ ही दुसरी म्हण त्याच भाषेत आहे, आणि ती न करणाऱ्यालाही सावध राहण्यास सांगते. धोरणविषयक लोकमतात पहिली म्हण उच्चरवाने बोलली जाते, दुसरी हलक्या आवाजात. आवाजातला हा फरकच पाळतीचा परिणाम कसा होतो ते सांगून जातो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ज्या हक्काला मूलभूत म्हटले, त्याला मराठीत काय म्हणावे याविषयी अजून एकवाक्यता नाही. ‘गोपनीयता’ हा शब्द सर्वाधिक चालतो; पण तो मूळचा राज्यसंस्थेच्या व्यवहारातला. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतो, शासकीय लखोट्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो. ‘खासगी’ या शब्दाची वंशावळही राजघराण्याची आहे. मराठेशाहीत राज्यकर्त्या कुटुंबाच्या स्वतःच्या उत्पन्नाला आणि खात्याला खासगी म्हणत. होळकरांची खासगी प्रसिद्ध आहे. ‘एकांत’ हा शब्द संतपरंपरेने आध्यात्मिक केला. सामान्य माणसाच्या ऐहिक, रोजच्या, कोणाला न सांगण्याच्या हक्काला मराठीत स्वतःचा शब्द नव्हता, ही वस्तुस्थिती आहे. ज्या गोष्टीला शब्द उसना घ्यावा लागतो तिचा आग्रह धरताना बोलणारा अडखळतो, आणि त्या अडखळण्यात म्हण जिंकते.

‘चव्हाटा’ या शब्दाचेही असेच आहे. इंग्रजी विधिभाषेतील सार्वजनिक चौकाला मुक्त चर्चेचा गौरव चिकटलेला आहे. मराठीत एखादी गोष्ट चव्हाट्यावर येणे म्हणजे तिची बेअब्रू होणे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघर येथील एका तरुणीला, आणि ते लिखाण केवळ पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. ते बोलणे कट्ट्यावरचे होते, त्याला शासन चव्हाट्यावरच्या बोलण्याचे लावले गेले. अटकेस कारण झालेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-अ मध्ये ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ या अर्थांचे शब्द गुन्ह्याच्या व्याख्येत होते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्या निर्णयात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा उक्तीच्या तीन पातळ्या वेगळ्या केल्या आहेत आणि केवळ तिसऱ्या पातळीवर राज्याला हस्तक्षेप करता येतो असे सांगितले आहे. शब्दांची संदिग्धता हेच कायदा रद्द होण्याचे एक प्रमुख कारण ठरावे, ही घटना साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हे एका अर्थी सूक्ष्म वाचनाचेच काम होते.

६

वाचन अपुरे राहिले तर काय होते, याचे उदाहरणही न्यायालयीन लेखनातच सापडते. ऑगस्ट २०१९ च्या प्रारंभी जम्मू-काश्मीरमधील दळणवळण बंद करण्यात आले. त्याविरुद्धच्या अनुराधा भसीन प्रकरणाचा निर्णय १० जानेवारी २०२० रोजी लागला. न्यायालयाने इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना अनुच्छेद १९ चे संरक्षण असल्याचे मान्य केले, बेमुदत बंदी अवैध ठरवली आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करण्यास सांगितले. मात्र सेवा तत्काळ पूर्ववत करण्याचा आदेश दिला नाही. या निर्णयाच्या आरंभी चार्ल्स डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीचा सुप्रसिद्ध प्रारंभ उद्धृत केला आहे.

तो प्रारंभ परस्परविरोधी जोड्यांनी रचलेला आहे. न्यायालयाला स्वातंत्र्य आणि सुरक्षा यांचा समतोल साधायचा होता, म्हणून ही तराजूसारखी वाक्यरचना सोयीची वाटली असावी. पण कादंबरीचे कथानक त्या समतोलावर उभे नाही. बॅस्टिलच्या तुरुंगात चौकशीविना अठरा वर्षे डांबलेल्या डॉ. मॅनेट यांनी चोरून लिहिलेले आणि कोठडीच्या धुराड्यात दडवलेले एक पत्र पुढे सापडते आणि त्यातून साऱ्या पात्रांचे भवितव्य बदलते. ज्याला बाहेरच्या जगाशी बोलण्याचे कोणतेच साधन उरलेले नाही, अशा माणसाच्या लिखाणाची ती कथा आहे. दळणवळणबंदीच्या प्रकरणात डिकन्सची आठवण व्हावी हे समर्पकच होते. पण आठवण पहिल्या परिच्छेदापाशी थांबली.

निर्णयानंतर सेवा अंशतः सुरू झाली ती मान्यताप्राप्त संकेतस्थळांच्या यादीनिशी, आणि ही यादी मार्च २०२० पर्यंत लागू होती. वेगवान सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये परतली. २०१६ मध्ये कंपनीने केलेली यादी आपल्या नियामकाने अमान्य केली. २०२० मध्ये तशीच यादी राज्यसंस्थेने केली. पाणवठा बंद करून त्याच्या जागी पाणपोई मांडली गेली, असेच तिचे वर्णन करावे लागेल.

७

या विवेचनाच्या अखेरीस एक शब्द सुचवावासा वाटतो. इंग्रजीतील ‘अ‍ॅक्सेस’साठी आपण प्रवेश, पोहोच, सुविधा असे शब्द वापरतो. प्रवेश कोणीतरी देतो, सुविधा कोणीतरी पुरवतो. ‘वहिवाट’ हा जुना शब्द या दोहोंपेक्षा जवळचा आहे. वहिवाटीत हक्क वापरातून सिद्ध होतो. शेताकडे जाणारी वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली शेतकऱ्याला तहसीलदाराकडे दाद मागता येते. त्याला आधी वाटेचे सामाजिक मूल्य सिद्ध करावे लागत नाही. ही वाट वापरात होती आणि ती अडवली गेली, एवढे दाखवावे लागते.

वहिवाट हा शब्द निष्कलंक नाही. चवदार तळ्याच्या दाव्यात सवर्ण वादींनी पूर्वापार वहिवाटीचाच आधार घेतला होता, आणि ती सिद्ध होत नाही म्हणूनच ते हरले. अर्थात हा शब्द स्वीकारताना कोणाची वहिवाट आणि कोणाला वगळून, हा प्रश्न त्याच्यासोबतच ठेवावा लागेल. परंतु जुन्या शब्दाचा हा दुहेरी इतिहासच त्याला विचारासाठी उपयुक्त बनवतो. १८८५ च्या तार अधिनियमाची जागा २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने घेतली, सेवाबंदीचे २०१७ चे नियम जाऊन २०२४ चे नियम आले. तरी ज्याचे इंटरनेट बंद होते त्या नागरिकाची पहिली धडपड बंदीचा आदेश कोठे वाचायला मिळेल हे शोधण्याचीच असते. शेतवाट अडवणारा शेजारी निदान डोळ्यांसमोर असतो. आदेश प्रसिद्ध झालाच पाहिजे हा भसीन निर्णयातील आग्रह म्हणूनच त्या निर्णयाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण दाद मागायची तर आधी मजकूर हाती हवा. मजकूर हाती आल्यावर तो कसा वाचायचा, हे सांगण्याची जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकांनीही उचलायला हवी.